स्क्लेरोसिसचे निदान व्रण पडण्याआधी व्हावे: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेस खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद,
नवी दिल्ली.

विषय: स्क्लेरोसिसच्या निरनिराळ्या प्रकारांचे निदान व उपचार यांवरील संशोधन आणि भारतातील गरजा.

शरीरातील काम करणारी मऊ ऊती नष्ट होऊन तिच्या जागी व्रणासारखी टणक ऊती साचते, तेव्हा त्या अवस्थेला स्क्लेरोसिस म्हणतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये असे व्रण मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी पडतात. अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एएलएसमध्ये, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि मज्जारज्जूच्या दोन्ही कडा कठीण होतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस जनुकातील दोषातून येतो आणि त्यातल्या मेंदूतील गाठी बाळ पोटात असतानाच तयार होतात. सिस्टेमिक स्क्लेरोसिस बहुधा बोटांच्या त्वचेवर प्रथम दिसतो आणि फुप्फुसे, अन्ननलिका, मूत्रपिंडे यांच्यापर्यंत पोहोचतो. हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसमध्ये कानशिलाच्या आत असलेला, स्मरणाशी निगडित असा मेंदूचा एक लहान भाग आक्रसतो आणि तिथून आकडी उठू लागते.

या पाचही आजारांची कारणे निराळी, वये निराळी, डॉक्टरही निराळे. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच आहे: टणकपणा हा रोगाचा शेवट असतो, आरंभ नव्हे. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमधील त्वचेचा काहीसा अपवाद सोडला, तर एकदा पडलेला व्रण विरघळवून मूळची ऊती परत आणणारे औषध आज कोणत्याही प्रकारात हाती नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उपचारांनी जी मजल मारली ती बहुतांशी व्रण पडण्याच्या आधीच्या काळात. त्यामुळे औषध कोणते द्यायचे या प्रश्नाइतकाच निदान कधी होते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि भारतात नेमकी तिथेच सर्वांत मोठी पडझड आहे.

यांतल्या तीन आजारांचा इतिहास पॅरिसच्या एकाच वैद्यकीय परंपरेशी जोडलेला आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमधील डाग झाँ क्रुव्हेल्ये आणि रॉबर्ट कार्सवेल यांनी शवविच्छेदनात पाहून आधीच चितारले होते. पण साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये ते डाग जिवंतपणी दिसलेल्या लक्षणांशी जुळवले आणि स्वतंत्र आजार म्हणून त्याची मांडणी केली. एएलएसचे वर्णन त्यांनी पुढच्याच वर्षापासून केले. त्यांचे शिष्य देझिरे-माग्लुआर बुर्नव्हिल यांनी १८८० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस वेगळा काढला. शार्को यांची पद्धत सोपी आणि चिकाटीची होती: रुग्णाला वर्षानुवर्षे पाहायचे, टिपणे ठेवायची आणि मृत्यूनंतर मेंदू उघडून पडताळा घ्यायचा. खात्रीचे निदान मरणोत्तरच व्हायचे. निदान रुग्णाच्या हयातीत आणि तेही लवकर आणणे, हाच नंतरच्या दीडशे वर्षांच्या संशोधनाचा गाभा आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस बहुतेक वेळा विशीपासून चाळिशीपर्यंत सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून जास्त आढळतो. चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते, त्यामुळे संदेश वेगाने धावतात. या आजारात शरीराचीच प्रतिकारयंत्रणा त्या आवरणावर हल्ला चढवते. सुरुवातीला एका डोळ्याने धूसर दिसते आणि डोळा हलवला की दुखतो. कुणाच्या पायांना मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवी आवरत नाही. काही आठवड्यांत हे सगळे बऱ्यापैकी ओसरते, आणि घात होतो तो इथेच. डोळ्याच्या डॉक्टरकडची चिठ्ठी एका फायलीत राहते, हाडांच्या डॉक्टरकडची दुसऱ्या, आणि दोन झटक्यांचा संबंध कुणी जोडत नाही. शरीर तापले की लक्षणे वाढतात; श्रमानंतर दृष्टी तात्पुरती अंधुक होण्याच्या रूपात हे विल्हेल्म उथोफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. एमआरआय येण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान पक्के करत. विदर्भात किंवा मराठवाड्यात चैत्र-वैशाखात अशा तरुण रुग्णाला येणारी गळाठ ऊन लागल्यात जमा होण्याची शक्यता किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

१९८१ मध्ये इंग्लंडमध्ये इयान यंग आणि सहकाऱ्यांनी या आजारातील व्रण एमआरआयवर दाखवले आणि चित्र पालटले. व्रण वेगवेगळ्या ठिकाणी पडले आहेत आणि वेगवेगळ्या वेळी पडले आहेत, या दोन्ही गोष्टी सिद्ध करणे हा निदानाचा जुना नियम. पूर्वी त्यासाठी दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये काम केलेले चेतारोगतज्ज्ञ इयान मॅकडोनल्ड यांच्या नावाने २००१ मध्ये जे निकष ठरले, त्यांनी ही वाट पाहण्याची सक्ती काढून टाकली. त्या निकषांची २००५, २०१० आणि २०१७ मध्ये सुधारणा झाली. २०१७ पासून पाठीतून काढलेल्या पाण्यात विशिष्ट प्रथिनांचे पट्टे आढळले, तर ते काळाच्या पुराव्याची जागा घेऊ शकतात.

२०२४ च्या सुधारणेने आणखी पुढचे पाऊल टाकले. दृष्टिचेता ही व्रणाची पाचवी जागा म्हणून मान्य झाली. व्रणाच्या मधोमध बारीक शीर दिसते का आणि व्रणाच्या कडेला लोहाची कडी आहे का, या एमआरआयवरील खुणांनाही वजन मिळाले. पाठीच्या पाण्यातील पट्टे वाचायला कसबी डोळा लागतो. त्याऐवजी कॅपा फ्री लाइट चेन या घटकाचे यंत्रावर होणारे मापन चालेल, असेही या निकषांनी मान्य केले. ही शेवटची तरतूद भारतासाठी मोलाची आहे. यंत्रावर आकडा देणारी चाचणी जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात बसवता येते. मात्र तो आकडा किती असला म्हणजे निदान धरायचे, हे भारतीय रुग्णांवर आणि भारतीय प्रयोगशाळांत तपासलेले हवे. ते काम परिषदेच्या आवाक्यातले आहे.

भारतात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाची खरी कसोटी मात्र दुसरीकडेच लागते. दृष्टिचेता आणि मज्जारज्जू यांच्यावर एकाच वेळी किंवा पाठोपाठ हल्ला करणारा एक आजार लिऑनच्या यूजेन देव्हिक यांनी १८९४ मध्ये वर्णिला होता. आशियात शंभर वर्षे तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार समजला गेला. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये व्हँडा लेनन यांच्या गटाला या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिपिंड सापडले आणि पुढल्या वर्षी त्याचे लक्ष्यही उमगले: मेंदूतील पेशींवर पाण्याची वाट सांभाळणारे अ‍ॅक्वापोरिन-४ हे प्रथिन. म्हणजे हा आजारच निराळा, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. पुढे मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा तिसरा आजारही वेगळा काढण्यात आला.

हा भेद पुस्तकी नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी दिलेली इंटरफेरॉन, नॅटालिझुमॅब, फिंगोलिमोड ही औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णाला अपायकारक ठरू शकतात, आणि या आजारात एकेका झटक्याची किंमत कायमचे अंधत्व किंवा कायमची व्हीलचेअर अशी असते. उलट बाजूने पाहिले, तर निदान बरोबर असेल तेव्हा झटके जवळजवळ थांबवणारी औषधे आज आहेत. एक्युलिझुमॅबला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२० मध्ये इनेबिलिझुमॅब व सॅट्रालिझुमॅब आली. स्वस्तातले रिटुक्सिमॅब आणि अ‍ॅझाथायोप्रिनही इथे उपयोगी पडतात. सगळी मदार रक्ताच्या एका चाचणीवर आहे आणि ती चाचणी जिवंत पेशींवर किंवा स्थिर केलेल्या पेशींवर प्रतिपिंड चिकटते का हे पाहणारी असावी लागते. जुन्या पद्धतींत खोटे निकाल जास्त येतात. दृष्टी गेलेल्या किंवा दोन्ही पाय लुळे पडलेल्या प्रत्येक तरुण रुग्णासाठी ही चाचणी सरकारी रुग्णालयात विनामूल्य व्हावी, ही या पत्रातील पहिली मागणी आहे. क्षयरोग, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उपदंश आणि एचआयव्ही हेही असेच चित्र उभे करतात. पाश्चात्त्य निकष तयार करणाऱ्यांना क्षयाचा विचार क्वचित करावा लागतो. इथे तो प्रत्येक वेळी करावा लागतो. म्हणून निकष जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा गोऱ्यांचा, थंड प्रदेशातला आजार आहे, असे भारतात कित्येक दशके शिकवले गेले. त्या समजुतीला मुंबईतूनच धक्का बसला. मुंबई-पुण्यातील पारशी समाजात या आजाराचे प्रमाण भारतातील नेहमीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे १९८८ आणि १९९० मधील अभ्यासांनी दाखवले. त्यांत चेतारोगतज्ज्ञ नोशिर वाडिया यांचा मोठा वाटा होता. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थादेखील १९८५ मध्ये मुंबईतच उभी राहिली. पुढे मंगळुरूमध्ये लेखा पंडित आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत शहरी लोकसंख्येत दर लाखी सुमारे ८ रुग्ण आढळले. एवढ्या मोठ्या देशाबद्दलचे ज्ञान अशा मोजक्या शहरी पाहण्यांवर उभे आहे. परिषदेच्या पाठबळाने या आजारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. पण नोंदवहीत मोठ्या संस्थांपर्यंत पोहोचलेलाच रुग्ण येतो. गडचिरोलीतला किंवा नंदुरबारमधला रुग्ण तिच्यात यायचा असेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालये तिला जोडावी लागतील आणि नोंद करणाऱ्या माणसाचा पगारही द्यावा लागेल.

उपचारांचा इतिहास धडाडीचा आहे आणि ठेचांचाही. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा हे पहिले औषध मान्य झाले. त्याने झटके साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. १९९६ मध्ये ग्लाटिरामर आले. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत मायकल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटलबाउम यांनी ते प्रत्यक्षात प्राण्यांत हा आजार निर्माण करण्यासाठी बनवले होते. त्याने आजार होण्याऐवजी थांबला. २००४ मध्ये मान्य झालेले नॅटालिझुमॅब काही महिन्यांतच बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण जेसी विषाणूमुळे होणारा मेंदूचा जीवघेणा संसर्ग काही रुग्णांत दिसला. कडक देखरेखीच्या अटीवर ते २००६ मध्ये परतले. २०१० मध्ये फिंगोलिमोड हे तोंडाने घ्यायचे पहिले औषध आले. २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅबने पहिल्यापासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारावरही थोडा परिणाम दाखवला. ऑक्रेलिझुमॅब रक्तातील बी नावाच्या प्रतिकारपेशी काढून टाकते.

बी पेशींचा हा धागा भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे. बी पेशी काढणारे जुने औषध रिटुक्सिमॅब मुळात रक्ताच्या कर्करोगासाठीचे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचे नवे व्रण झपाट्याने कमी केले. तरीही कंपनीने या आजारासाठी त्याची मान्यता मिळवण्याचा मार्ग धरला नाही. नवे, महागडे भावंड पुढे आले. स्वीडनमधील डॉक्टरांनी मात्र रिटुक्सिमॅबच मोठ्या प्रमाणावर वापरले, नोंदवह्या चोख ठेवल्या आणि २०२२ मध्ये तिथल्या चाचणीत ते डायमिथिल फ्युमरेट या प्रस्थापित औषधापेक्षा झटके रोखण्यात सरस ठरले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मल्टिपल स्क्लेरोसिससाठी प्रथमच तीन औषधे अत्यावश्यक यादीत घातली: क्लॅड्रिबिन, ग्लाटिरामर आणि रिटुक्सिमॅब.

रिटुक्सिमॅबची जगातील पहिली जैवसमान आवृत्ती २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने भारतात बाजारात आणली. म्हणजे ज्या औषधाला जगाने या आजारासाठी अत्यावश्यक मानले, ते बनवण्याची क्षमता या देशात त्याच्या सोळा वर्षे आधीपासून आहे. आता उरलेले प्रश्न नेमके भारतीय आहेत. कमी मात्रेने भागेल का? दोन मात्रांमधले अंतर किती वाढवता येईल? औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षय आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी कशी करावी, आणि वर्षानुवर्षे वापरल्यावर संसर्गाचा धोका इथे किती वाढतो? या प्रश्नांवर पैसा लावण्यात कुठल्याही खासगी कंपनीचा फायदा नाही. ही चाचणी सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवी आणि ती व्हावी यासाठी हे पत्र सर्वांत आग्रही आहे.

आजाराच्या मुळाबद्दलही २०२२ मध्ये मोठा पुरावा हाती आला. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आणि साठवलेले रक्त तपासून आल्बेर्तो आस्केरियो यांच्या गटाने दाखवले, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पटींनी वाढतो. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विषाणूच्या एका प्रथिनाचे मेंदूतील एका प्रथिनाशी साधर्म्य असल्याचे सांगितले. विषाणूवर नेम धरणारे प्रतिपिंड मेंदूवरही चालते. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतोच. भारतात तो बहुतेकांना लहानपणी, लक्षणांशिवाय होतो. श्रीमंत देशांत अनेकांना किशोरवयात, तापासह होतो, आणि तसा ताप आलेल्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका अधिक असतो. शहरी भारतातले राहणीमान बदलत असताना लागणीचे वयही पुढे सरकते आहे का, हे साध्या रक्तनमुन्यांवरून कळू शकते. लस येईल तेव्हा येईल. हा अभ्यास आज करता येतो.

झटक्यांविना सावकाश वाढणारी अवस्था अजून बव्हंशी अजिंक्य आहे. मेंदूच्या आतल्या प्रतिकारपेशींपर्यंत पोहोचणाऱ्या टोलेब्रुटिनिबने एका मोठ्या चाचणीत अपंगत्वाचा वेग कमी केला, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताला होणारी इजा ही त्यातली गंभीर अडचण आहे. मायलिन पुन्हा चढवणारी औषधे प्रयोगावस्थेतच आहेत.

एएलएसमध्ये परिस्थिती याहून कठोर आहे. हातातली किल्ली फिरत नाही, पाय अडखळतो किंवा बोलणे बोबडे होते, अशी सुरुवात होऊन बहुतेक रुग्ण लक्षणांपासून तीन ते पाच वर्षांत दगावतात. निदान व्हायलाच साधारण वर्ष जाते. खात्रीची एकच एक चाचणी नाही. स्नायूंची विद्युत तपासणी आणि इतर आजार वगळत जाणे हाच मार्ग. मानेच्या मणक्यांची झीज चाळिशी-पन्नाशीत इतकी सर्रास असते, की एमआरआयवर ती दिसताच दोष तिच्यावर टाकला जातो, मानेची शस्त्रक्रियाही होते आणि आजार वाढतच राहतो. उलट चूक याहून करुण आहे. भारतात एकाच हाताचे किंवा पायाचे स्नायू झिजवून मग थांबणारे सौम्य आजार आहेत. एम. गौरी-देवी यांनी बंगळुरूमध्ये १९८० च्या दशकात त्यांचे वर्णन केले. दक्षिण भारतात मद्रास मोटर न्यूरॉन डिसीझ हा तरुणांतला, संथ वाढणारा प्रकार आहे. अशा मुलाला एएलएसचे निदान सांगणे म्हणजे त्याला नसलेली शिक्षा सुनावणे.

औषधांबाबत खोटी आशा दाखवता येत नाही. १९९५ मधले रिलुझोल आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले एक मिश्रण २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत अपयशी ठरले आणि कंपनीने ते मागे घेतले. खरा उजेड एका लहान गटापुरता आहे. १९९३ मध्ये एसओडी-१ या जनुकातला दोष सापडला. त्या दोषामुळे होणारे रुग्ण एकूण रुग्णांच्या सुमारे २ टक्के. त्या जनुकाचा संदेशच गप्प करणारे टोफर्सेन २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि तेही रक्तातील न्यूरोफिलामेंट हे चेतापेशींच्या नाशाचे मोजमाप घटल्याच्या आधारावर. जनुक तपासल्याशिवाय हा रुग्ण ओळखता येत नाही. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या मोहिमेतून अमेरिकेतील एएलएस संघटनेकडे ११.५ कोटी डॉलर जमा झाले आणि त्यातल्या पैशांतून नव्या जनुकांचा शोध लागला, ही लोकवर्गणीतून विज्ञान पुढे गेल्याची अलीकडची ठळक घटना आहे.

रुग्णाला आज सर्वांत जास्त दिलासा देणारी वस्तू मात्र औषध नसून रात्री नाकावर लावायचे श्वसनयंत्र आहे. न्यूकॅसलच्या २००६ च्या चाचणीत, गिळण्याचे व बोलण्याचे स्नायू फारसे न बिघडलेल्या रुग्णांचे आयुष्य त्याने रिलुझोलपेक्षाही अधिक वाढवले. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर आणि चेतारोगतज्ज्ञ एकाच दिवशी एका छताखाली पाहतील, असे दवाखाने देशात विरळ आहेत. दुसरीकडे स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये उकळणारी केंद्रे फोफावली. परिषदेच्याच २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांव्यतिरिक्त असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेणे गैर आहे. घर-जमीन विकून आलेल्या कुटुंबापर्यंत हे वाक्य मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये पोहोचले पाहिजे. सूचना इंग्रजीत संकेतस्थळावर असणे पुरेसे नाही.

ट्यूबरस स्क्लेरोसिसची कहाणी यांत सर्वांत उमेद देणारी. सुमारे ६००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, आणि दोन तृतीयांश मुलांच्या आईवडिलांना तो नसतोच. १९९३ मध्ये टीएससी-२ आणि १९९७ मध्ये टीएससी-१ ही जनुके सापडली. २००२ च्या सुमारास कळले, की ही जनुके एमटॉर या पेशीवाढीच्या कळीला लगाम घालतात. लगाम तुटला की गाठी वाढतात. आणि ती कळ बंद करणारे औषध आधीच कपाटात होते. १९६४ च्या मोहिमेत पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले गेले, आणि त्यातील जिवाणूपासून रॅपामायसिन वेगळे काढणाऱ्यांत अविभाजित पंजाबात जन्मलेले सुरेंद्रनाथ सेहगल अग्रभागी होते. त्यांच्या कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद करून प्रकल्प गुंडाळला, तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. १९९९ मध्ये रॅपामायसिन मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मान्य झाले. त्याच कुळातील एव्हरोलिमसने २०१० मध्ये या आजारातील मेंदूच्या गाठी, २०१२ मध्ये मूत्रपिंडातील गाठी आणि २०१८ मध्ये आकडी यांवरचा उपचार म्हणून अमेरिकेत मान्यता मिळवली.

इथे निदानाला यंत्रापेक्षा नजर लागते. बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे असतात. अतिनील दिव्याखाली ते उजळतात. आपल्याकडे असा चट्टा कोड किंवा कुष्ठरोग समजला जाण्याची भीती आहे. गर्भारपणातल्या सोनोग्राफीत हृदयात गाठ दिसली, तर ती बहुधा याच आजाराची खूण असते. तीन ते आठ महिन्यांच्या वयात बाळ एकाएकी पुढे वाकून हात फेकते, पुन्हा पुन्हा, लागोपाठ. घरातली माणसे म्हणतात बाळ दचकते आहे, पोटात दुखते आहे. प्रत्यक्षात ती विशिष्ट आकडी असते आणि व्हिगाबॅट्रिनने ती बऱ्याचदा आटोक्यात येते. युरोपातील एपिस्टॉप चाचणीत आकडी येण्याआधीच, मेंदूचा आलेख बिघडताच औषध दिले तेव्हा फिट्स कमी झाल्या. अमेरिकेतील नंतरच्या चाचणीत दोन वर्षांच्या वयापर्यंतच्या बौद्धिक विकासात मात्र फरक पडला नाही. प्रश्न खुला आहे. पण आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांना फिकट चट्टा व ही आकडी मोबाइलवरच्या चित्रफितीतून ओळखायला शिकवणे, याला कुठल्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसबद्दल संशोधनाचा निर्णय स्पष्ट आहे आणि तो अमलात येत नाही, एवढेच दुःख. दोन योग्य औषधांनी आकडी थांबली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने ती थांबण्याची शक्यता फारच कमी असते. कॅनडात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कानशिलाखालचा भाग काढलेल्यांपैकी ५८ टक्के रुग्णांना वर्षभरात भान हरपणारी आकडी आली नाही. नुसत्या औषधांवर हे प्रमाण ८ टक्के होते. दिल्लीच्या एम्समधील २०१७ च्या चाचणीत अपस्माराच्या निरनिराळ्या कारणांच्या मुलांमध्ये हेच आकडे ७७ आणि ७ टक्के निघाले. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. पुरावा भारतीय आहे, शल्यचिकित्सक भारतीय आहेत, तरी रुग्ण पंधरा-वीस वर्षे औषधे बदलत राहतो. साध्या एमआरआयमध्ये आक्रसलेला हिप्पोकॅम्पस सुटून जातो. त्यासाठी काप वेगळ्या कोनातून घ्यावे लागतात. अपस्मारासाठी एमआरआयची एक ठरावीक पद्धत परिषदेने घालून द्यावी आणि सरकारी रुग्णालयांना ती बंधनकारक व्हावी.

सिस्टेमिक स्क्लेरोसिसची पहिली खूण थंडीत किंवा गार पाण्यात बोटे पांढरी, मग निळी पडणे ही असते. मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये ती वर्णिली. त्यानंतर कधी वर्षभरात, कधी अनेक वर्षांनी त्वचा आवळते, तोंड पूर्ण उघडत नाही, धाप लागते. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहिल्या तर बिघाड फार आधी दिसतो, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडचे हातातले डर्मोस्कोपही त्यासाठी चालते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या केशवाहिन्यांना आणि रक्तातील प्रतिपिंडांना स्थान मिळाल्याने निदान बरेच लवकर होऊ लागले. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांत हा आजार अधिक होतो, हे दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत १९५७ मध्येच नोंदले गेले. भारतात दगडखाणी, खडी क्रशर आणि घडाईचे कारखाने यांत सिलिकोसिसची तपासणी होते तिथेच कामगाराची बोटे आणि नखे पाहिली, तर खर्च जवळपास शून्य आहे.

या आजारात एकेकाळी मूत्रपिंडे निकामी झाली की मृत्यू ठरलेला असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिलच्या वर्गातील रक्तदाबाच्या औषधांनी तो नियम मोडला. आता बळी घेतात ती फुप्फुसे. सायक्लोफॉस्फमाइड, त्यानंतर २०१६ च्या चाचणीपासून सुरक्षित पर्याय म्हणून मायकोफेनोलेट, २०१९ मध्ये निंटेडॅनिब आणि २०२१ मध्ये टॉसिलिझुमॅब यांनी फुप्फुसांचा ऱ्हास मंदावला. सांधे दुखतात म्हणून भरमसाट स्टिरॉइड दिले गेले, तर मूत्रपिंडावर घाला येऊ शकतो, ही गोष्ट गावपातळीवरच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायला हवी.

२०२४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेनच्या गेओर्ग शेट यांच्या गटाने स्वप्रतिकार आजारांच्या १५ रुग्णांवर कार-टी पेशींचा उपचार प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांत बी पेशींना ओळखणारे जनुक घालून त्या परत सोडल्या. त्या रुग्णांत सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे काही जण होते आणि इतर प्रतिकारदमनाची औषधे थांबवूनही आजार काबूत राहिला. मल्टिपल स्क्लेरोसिसवरही अशा चाचण्या सुरू झाल्या आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला भारताच्या औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता दिली आणि त्याची किंमत पाश्चात्त्य उपचारांच्या अंशमात्र आहे. त्याचे लक्ष्य तेच, बी पेशींवरील सीडी-१९. स्क्लेरोसिसच्या ज्या रुग्णांत बाकी सर्व उपचार थकले आहेत, त्यांच्यासाठी याची लहान, काटेकोर आणि परिषदेच्या देखरेखीखालची चाचणी मुंबईत होऊ शकते. ती झालीच, तर रुग्णाकडून एक पैसाही न घेता व्हावी, प्रत्येक रुग्णाची नोंद किमान पंधरा वर्षे ठेवावी, आणि निकाल अपयशाचा असला तरी पूर्ण प्रसिद्ध करावा.